डाव्या गालावरचा तीळ

सोजराबाईने सकाळीच आपल्या पोटच्या पोराच्या तोंडाला शेण फासलं, हात धुतले आणि पुरण शिजलं का ते पाहायला आत गेली.

तोंड अर्थात कागदाचं होतं. गोठ्याची रस्त्याकडची भिंत खामगावात शिरणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला दिसते, त्यामुळे भरतीवाल्यांनी ती सोडली असती तरच नवल. लढाई सुरू झाल्यावर त्यांनी तिथे जाहिरात डकवली ती डकवलीच. हिरव्यागार ज्वारीपुढे उभा असलेला खाकी कपड्यातला उंचापुरा जवान, खांद्यावर बंदूक, मोकळा हात पुढे केलेला, ओठांवर हसू. खाली ठसठशीत अक्षरं: ‘चल गड्या, मी आहे ना सोबत!’ हा जवान म्हणजे भगवंतराव चोपड्यांचा एकुलता एक लेक, इंद्रभान. जाहिरात नवी होती तेव्हा याच सोजराबाईने भिंतीवरच्या लेकाला ओवाळलं होतं, हळदकुंकू लावलं होतं आणि आळीतल्या बायांना बोलावून बोलावून दाखवलं होतं. आता तीच बाई हातात शेण घेऊन भिंतीशी उभी राहिली, तर शेजारणींनी हसावं की रडावं?

पण शेजारणींना काय वाटेल याचा विचार करायला तिला सवड नव्हती. आज तिच्या लेकीचं, गोकर्णाचं, साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. जानेफळचे पाहुणे दुपारी यायचे होते, आणि त्या पाहुण्यांच्या घरातलं एक माणूस या चित्रापायी उठून गेलं होतं.

नवरामुलगा तुळशीराम, शांत स्वभावाचा, शेतीत रमणारा, चोपड्यांना मनापासून पसंत पडलेला. निवृत्ती हा त्याचा धाकटा भाऊ. मेहकरच्या बाजारात बैलांना घुंगरं घ्यायला गेला, तिथे भिंतीवर हा हसरा जवान दिसला, आणि घुंगरं राहिली बाजूला, पठ्ठ्या पलटणीत नाव देऊनच घरी आला. पलटण समुद्रापार गेली. मग सिंगापूर पडलं. त्यानंतर निवृत्तीचं ना कार्ड, ना निरोप. सरकारी तार आली तिच्यात ‘बेपत्ता’ असं होतं म्हणे.

सोयरीक जुळवणाऱ्या उत्तमरावांनी हे सांगितलं तेव्हा चोपड्यांच्या घरात कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. मुलीचा भाऊ पलटणीत आहे एवढंच त्यांनी जानेफळला कळवलं होतं. भिंतीवर कोण आहे ते कळवायचं कारण नव्हतं. आणि मागच्या बाजाराला उत्तमराव पुन्हा आले ते निरोप घेऊन.

“मुलाच्या मायचं म्हननं हाय, पोरीचा भाऊ हजर पाहिजे. त्याले पाह्यल्याबिगर सुपारी फोडू देनार नाई,” ते म्हणाले होते. आणि जाता जाता, पायात वहाणा घालताना, सहज बोलून गेले, “लेक गेल्यापासून बाई जराशी तशीच हाय जी. त्या जाहिरातीतल्या मानसाले एकडाव डोळ्यानं पाह्यचं हाय, म्हनते.”

सोजराबाईची झोप उडाली ती तेव्हापासून. ज्या माणसाने आपलं पोर नेलं त्याला एखाद्या बाईला डोळ्यांनी कशाला पाहायचं असतं? शिव्याशाप द्यायला. दुसरं काय?

“वैनी, शेनानं भागन काय?” धाकटा दीर कडूबा मळ्यातून वांग्याचं टोपलं घेऊन आला आणि चुलीजवळच टेकला. “चुना मारला असता.”

“चुना मारला असता तं लोकांनी इचारलं असतं, आजच काऊन मारला. गोठ्याच्या भिंतीचं शेन कोनी इचारत नाई.”

कडूबाने मान डोलावली. वहिनीच्या डोक्यापुढे त्याचं डोकं नेहमीच एक पाऊल मागे असे, आणि त्याची त्याला लाजही नसे.

भगवंतराव दारातच उभे होते. मितभाषी माणूस. बोलले तर असं बोलत की पुढे बोलायला कोणाला काही उरत नसे. “सोयरीक करून राह्यलो का चोरी?” ते म्हणाले.

“चोरी म्हना. पोरगी उजवाची हाय मले.”

“अन् लग्न झाल्यावर कळलं तं?”

“लग्न झाल्यावर कळू द्या. मंग कोनी पोरीले परत आनून घालत नाई.”

“घालते,” भगवंतराव म्हणाले आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेले.

सोजराबाईने पुरणात डाव इतक्या जोराने फिरवला की भांडंच कलंडायला आलं. नवऱ्याचा तिला राग आला नव्हता. त्याचं बरोबर आहे याचा राग आला होता.

आता खरी गंमत अशी की इंद्रभान हा शिपाई होता, पण अर्धा. टेरिटोरियल पलटणीतला. वर्षातला एक महिना छावणीत कवायत करायची आणि बाकीचे महिने घरी वांग्यांना पाणी द्यायचं, अशी ती पलटण. आळीत त्याला ‘महिन्याचा हवालदार’ म्हणून चिडवत. छावणीत एकदा जाहिरातीचा पेंटर आला, त्याला देखणा चेहरा हवा होता, आणि साहेबाने इंद्रभानकडे बोट दाखवलं. पुढे लढाई पेटली, महिन्याच्या शिपायांनाही बोलावणं आलं, आणि त्यांना बसवलं कुठे, तर नांदुऱ्याजवळच्या रेल्वेच्या पुलावर, पहाऱ्याला. सगळ्या जिल्ह्याला ‘चल’ म्हणणारा माणूस स्वतः नांदुऱ्याच्या पुढे गेला नव्हता.

सोजराबाई त्या पुलावर खूश होती. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, पण माहेरी जाताना गाडी त्या पुलावर आली की ती खिडकीतून नदीत नारळ टाकत असे, आणि आजूबाजूच्यांना वाटे बाई नदीला टाकते आहे. ती पुलाला टाकत होती. त्या पुलाने तिचा लेक घरापाशी ठेवला होता. दुसऱ्यांचे लेक त्याच्या तोंडाकडे बघून गेले, हेही तिला ठाऊक होतं. रात्री अंथरुणावर ती त्या लेकांचा विचार येऊ देत नसे. अलीकडे तो न विचारता येत होता.

इंद्रभान उन्हं चढल्यावर आला, खाकी कपड्यांत, आणि त्याच्याबरोबर छापखान्यातला हबीब. हबीब आळीतलाच, लहानपणापासूनचा दोस्त. हीच जाहिरात त्याच्या छापखान्यात दगडावर छापली गेली होती. त्याच्या हातात विड्याच्या पानांची करंडी होती.

“माय,” इंद्रभान दारातूनच म्हणाला, “माह्या तोंडाले शेन कोनं फासलं?”

“मी फासलं. कपडे बदल आंधी. धोतर काढून ठेवलं हाय.”

“काऊन?”

मग त्याला सगळं सांगावं लागलं. निवृत्तीचं, मेहकरच्या बाजाराचं, त्या बाईच्या निरोपाचं. आजपर्यंत हे त्याच्या कानावर कोणी घातलंच नव्हतं. तो खाटेच्या कडेवर बसला. पट्टा सोडायला घातलेला हात तसाच पट्ट्यावर राहिला.

“नाव काय म्हटलं त्याचं?”

“निवृत्ती.”

“मी सांगतो तिले,” इंद्रभान म्हणाला. “समोर बसून सांगतो. मीच हावो म्हनतो. शिव्या देईन तं खाईन.”

“अन् गोकर्णाचं काय?”

“माय, पुलावर रोज गाड्या जाते पलटणीच्या. पोट्टे खिडकीतून मले पाह्यते अन् वरडते, ‘ए, सोबत येतं का बे?’ वळखते मले. मी खाली मान घालून उभा राह्यतो. किती दिवस घालू?”

हबीबने करंडी हळूच खाली ठेवली. वातावरण सैल करावं म्हणून, किंवा काय बोलावं ते न सुचून, तो म्हणाला, “चाची, तशी वळख पटाचीबी नाई. चित्र उलटं हाय नं. पेंटरनं घाईत दगडावर सुलटं काढलं, छापल्यावर उलटं झालं. अक्षरं मी उलटी लिहिली होती, म्हनून ते बराबर आले. बंदूक चुकीच्या खांद्यावर गेली, अन् हा तीळ,” त्याने इंद्रभानच्या डाव्या गालाकडे बोट केलं, “तिकडच्या गालावर.”

कडूबा ताडकन उभा राहिला. “पाह्य, पाह्य! झालं नं काम! वैनी, आपन म्हनू, आमचा तीळ डाव्या गालावर, तुमच्या मानसाचा उजव्या. आमचा तो नव्हेच!”

सोजराबाईचा जीव भांड्यात पडला. हबीब मात्र ओशाळला. आपण नको ते बोललो हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

“मी नाई म्हननार असं,” इंद्रभान म्हणाला.

“तुले म्हनाले कोनं सांगतलं? तू निस्ता बस. बोलाचं मी बोलतो,” कडूबा म्हणाला.

“बाबा, तुमी सांगा.”

भगवंतरावांनी मुलाकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे. तिथे गोकर्णा उभी होती, हळद लागलेले हात पदराला पुसत. बापाचं तोंड जरा ढिलं पडलं. सकाळी चोरीची गोष्ट करणारा माणूस आता गप्प झाला, आणि त्या गप्प बसण्याने तो कोणाच्या बाजूला गेला ते सगळ्यांना कळलं.

“तू बोल,” इंद्रभान बहिणीला म्हणाला. “सोयरीक तुही हाय. दडवून करू काय?”

गोकर्णा भावाच्या शब्दाबाहेर कधी गेली नव्हती. तिने खाली पाहिलं. “सांगजो, भाऊ,” ती म्हणाली. “पन सुपारी फुटल्यावर सांगजो.”

हे बोलली आणि आपलंच बोलणं ऐकून तिला रडू कोसळलं. इंद्रभान उठला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि धोतर घेऊन मागच्या खोलीत गेला.

पाहुण्यांच्या गाड्या आल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बैठक अंगणात मांडवाखाली. तुळशीरामचे चुलते महादेवराव पुढे, मागे तुळशीराम, नवा फेटा सावरत. रामराम झाले, पाय धुवायला पाणी दिलं, कंट्रोलची साखर मिळेना म्हणून गुळाचं पाणी फिरलं, आणि त्याचीही पाहुण्यांनी तारीफ केली. उत्तमराव हसत, सगळ्यांच्या पाठीवर थाप मारत हिंडत होते. त्यांचं काम आज पुरं होणार होतं.

तुळशीरामची आई, अन्नपूर्णाबाई, मांडवात बसल्या नाहीत. विधवा बाई, शुभकार्यात पुढे कशी बसणार? त्या सरळ आत, मधल्या खोलीत आल्या. सोजराबाईने मनात एक दांडगी, तोंडाळ बाई उभी केली होती. आली ती एक वाळकी, लहानशी बाई, काखेत कापडाचं गाठोडं. सोजराबाईने घोंगडी अंथरली, पाणी दिलं. अन्नपूर्णाबाईंनी पाणी हातात घेतलं आणि तसंच ठेवलं.

“पोरगी पाह्यली मी मागंच. गुनाची हाय,” त्या म्हणाल्या. “भाऊ कुठी हाय तिचा?”

“बोलावतो नं इहीनबाई. पानी तं घ्या.”

“बोलावा.”

सोजराबाईने हाक मारली. इंद्रभान आला, धोतर-सदऱ्यात, डोक्याला उपरणं. त्याच्या मागे, कोणी न बोलावता, कडूबाही दारात येऊन उभा राहिला. इंद्रभानने वाकून नमस्कार केला आणि जरा अंतर ठेवून बसला.

अन्नपूर्णाबाई त्याच्याकडे नुसत्या पाहत राहिल्या. मग त्यांनी गाठोडं सोडलं. लुगड्याच्या जुन्या तुकड्यात गुंडाळलेली ती जाहिरात होती. त्यांनी ती घोंगडीवर पसरली, कोपरे हाताने दाबले. कडांना भिंतीची माती अजून चिकटलेली होती, पण कागद कुठे फाटलेला नव्हता. खोलीत आता दोन इंद्रभान होते, एक हसत होता आणि एक मान खाली घालून बसला होता.

“आमच्या चावडीवर लावला होता,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. “पान्यापावसानं जाईन म्हनून मी काढून आनला. खळ सोडत नाई बाई. ओलं फडकं लावून ठेवलं, अन् मंग कडेकडेनं सोडवला. इतकासाई फाटू देला नाई.”

“इहीनबाई,” कडूबा दारातून सुरू झाला, “त्याचं असं हाय, आमच्या इंद्रभानचा तीळ...”

“थांबा जी, मले बोलू द्या.” त्यांनी वर पाहिलंही नाही. “मले वाचता येत नाई. निवृत्तीनं वाचून दाखवलं होतं, बाजारातून आला त्या दिवशी. मी रडत होती. तं म्हने, माय, रडतं काऊन? मी एकटा थोडाच जाऊन राह्यलो? हा हाय नं संगं. यानं लिहून देलं हाय, मी सोबत हाय म्हनून.”

त्यांचं बोट अक्षरांवरून फिरलं. उलटीकडून.

“लोकं म्हनते, याले शिव्या दे. काऊन देऊ? मी याले देवापाशी ठेवते. रोज सांगते त्याले, बाप्पा, तू घेऊन गेला नं माह्या लेकराले? आता तूच सांभाळ. उपाशी नको ठेवू. त्याले थंडी सोसत नाई, रातचं पांघरून पाह्य.”

सोजराबाईला वाटलं आपण उठून बाहेर जावं. सगळ्या रात्री तिने ज्या शापाची धास्ती घेतली होती, तो शाप नव्हताच. त्याच्यापेक्षा वाईट काहीतरी होतं.

“मंग उत्तमराव आले,” अन्नपूर्णाबाई पुढे म्हणाल्या. “सांगत होते, पोरीचा भाऊ उंच हाय, देखना हाय, पलटणीतला हाय, घराजोळच राह्यते. अन् माह्या मनात पाल चुकचुकली. हाच तं नसंन? अन् हा इथं असंन,” आता त्यांचा आवाज बारीक झाला, “तं माह्या निवृत्तीजोळ तिकडं कोन हाय मंग?”

बाहेर मांडवात कोणीतरी मोठ्याने हसलं. कडूबाने दाराची चौकट धरली होती.

अन्नपूर्णाबाई पुढे सरकल्या. त्यांनी एक बोट कागदावरच्या जवानाच्या गालावर ठेवलं, तिळावर. दुसऱ्या हाताने इंद्रभानची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं, आईने लेकराचं नाक पुसायला वळवावं तसं. त्याच्या डाव्या गालावरच्या तिळावर त्यांचा अंगठा थांबला. कागदाकडे पाहिलं. परत तोंडाकडे. परत कागदाकडे.

“याचा इकडच्या गालावर,” त्या पुटपुटल्या. “अन् याचा तिकडच्या.”

“नाई बाई. हा तो नव्हे.” त्यांनी हनुवटी सोडली आणि एकदम हसल्या. हसता हसता पदर तोंडाला लावला. “दिसते तसाच, पन हा तो नव्हे. मंग तो तिकडंच हाय. माह्या निवृत्तीजोळच हाय.”

सोजराबाईने जे खोटं तोंडात घोळवून घोळवून तयार ठेवलं होतं, ते बोलायची वेळच आली नाही. बाईने ते आपल्या हाताने उचलून घेतलं होतं. पोरीचं लग्न वाचलं, लेकाची अब्रू वाचली, देवाला दिवा लावावा अशी घडी. आणि त्या घडीला सोजराबाईच्या ओठांवर काय आलं, तर ‘छापताना उलटं होते बाई!’ ती दातांनी ओठ धरून बसली. तिने लेकाकडे पाहिलं. तो सांगेल. सकाळपासून तो सांगतो सांगतो म्हणतच होता. आता सांगून टाक रे बाबा, असं तिला वाटलं, आणि नको सांगू, असंही वाटलं.

अन्नपूर्णाबाई इंद्रभानकडे वळल्या. “तुमी पलटणीतले. तुमाले मालूम असंन. हा तिकडंच गेला नं?”

इंद्रभानने कागदाकडे पाहिलं.

“हाव, मावशी. तिकडंच हाय.”

“तुमी वळखता त्याले?”

“वळखतो. संगं कवायत केली.”

“मानूस कसा हाय?”

“बोलला तसा वागनारा हाय,” तो म्हणाला.

अन्नपूर्णाबाईंनी मघाचं पाणी उचललं आणि घटाघटा पिऊन टाकलं. मग जाहिरातीची नीट घडी घातली, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली आणि म्हणाल्या, “फोडू द्या सुपारी.”

सुपारी फुटली. गोकर्णाला पाटावर बसवून कुंकू लावलं, साडी दिली, हिरव्या बांगड्या भरल्या. महादेवरावांनी पुरणपोळ्या चांगल्या हाणल्या. तुळशीरामने एकदाच, चोरून, नवरीकडे पाहिलं आणि ते सगळ्यांनी पाहिलं. कडूबा तर इतका फुलला होता की उत्तमरावांना मिठी मारून मोकळा झाला. सोजराबाई वाढत होती, आग्रह करत होती, हसत होती. मधूनच तिची नजर इंद्रभानला शोधी. तो पंगतीत पाणी वाढत होता. सगळ्यांचे पेले भरलेले असतानाही वाढत होता.

उजेड आहे तोवर निघावं म्हणून पाहुण्यांनी गाड्या जुंपल्या. अन्नपूर्णाबाईंनी निघताना सोजराबाईचे दोन्ही हात हातात घेतले. “तुमी भाग्याच्या,” त्या म्हणाल्या, “तुमचा डोळ्यापुढं हाय.”

गाड्यांची धूळ बसल्यावर सोजराबाई गोठ्याकडे गेली. इंद्रभान भिंतीपाशी उभा होता. खाकी कपड्यांत. दिवसभराच्या उन्हाने शेण वाळून तडकलं होतं आणि त्याचे पोपडे गळून पडले होते. एक डोळा उघडा पडला होता, हसरे ओठ, आणि पुढे केलेला तो हात.

“कपडे काऊन बदलले? उद्याची सुट्टी हाय नं?”

“जातो, माय. संध्याकाळची गाडी भेटन. साहेबाले भेटाचं हाय.”

“कायले?”

“नाव द्याले. लढाईच्या पलटणीत.”

सोजराबाईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने त्याचा दंड धरला. “अरे, झालं नं समदं नीट! तिनं कबूल केलं. सुपारी फुटली. आता काऊन?”

“मी खोटं बोललो तिच्यापाशी.”

“तं काय झालं? मीबी बोलली असती. चांगल्यासाठी बोलला तू.”

“मी तिले सांगतलं, तो तिकडं हाय. बोलला तसा वागते, म्हटलं. आता त्याले तिकडं जाच लागंन.”

“सिंगापूर पडलं रे! त्या एवढ्या मुलखात तुले निवृत्ती सापडनार हाय काय?”

“नाई सापडनार,” इंद्रभान शांतपणे म्हणाला. “पन तिच्या जिवाची आस हाय, माय. तिले उद्या कधी कळलं, का चित्र उलटं छापलं हाय, तं मी इथं सापडलो नाई पाहिजे.”

ती ओरडली. नवऱ्याला हाका मारल्या, कडूबाला मारल्या. दोघे धावत आले. कडूबाने “अरे बेट्या, अरे राजा” करून पाहिलं, महिन्याच्या शिपायाला तिकडे कोण घेतो म्हणून हसून पाहिलं, मग तोच रडायला लागला. गोकर्णा नव्या साडीत दारात आली आणि जागच्या जागी थिजली. भगवंतराव काही बोलले नाहीत. बोलले असते तर पोरगा थांबला असता, असं सोजराबाईला पुढे जन्मभर वाटत राहिलं, आणि जन्मभर ती नवऱ्याला तसं म्हणाली नाही. त्यांनी आपल्या खांद्यावरची घोंगडी काढली आणि मुलाच्या खांद्यावर टाकली.

“थंडी असते तिकडं,” ते म्हणाले.

इंद्रभान आईच्या पाया पडला. तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, डावा गाल चाचपला, तीळ चाचपला, जणू तो तिथेच आहे याची तिला खात्री करून घ्यायची होती. मग तो रस्त्याला लागला. वळणापर्यंत घोंगडी दिसत होती, मग तीही दिसेना.

बाकीचे आत गेले. सोजराबाई गोठ्यापाशीच राहिली. हौदातलं पाणी ओंजळीत घेऊन तिने भिंतीवर मारलं, पदराने शेण पुसलं. पुसता पुसता सगळं तोंड मोकळं झालं. लेक हसत होता. तिने त्याच्या डाव्या गालावर बोट ठेवलं. तिथे कोरा कागद होता.

ती घरात जाऊन एक मोठं फडकं घेऊन आली. हौदात बुडवून भिजवलं, पिळलं नाही, तसंच कागदावर दाबून धरलं, आणि थोड्या वेळाने, कुठे फाटू नये अशा बेताने, कडेकडेनं सोडवायला लागली.